हर-टू २+ आला, आता पुढे काय? कॅन्सरमधल्या मार्कर तपासण्यांबद्दल सविस्तर

एका मुलीने आईच्या रिपोर्टबद्दल विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ५६. डाव्या स्तनात तीन सेंटिमीटरची गाठ. कोअर बायोप्सीत, म्हणजे जाड सुईने काढलेल्या तुकड्यात, इन्व्हेझिव्ह डक्टल कार्सिनोमा (दुग्धनलिकेतून बाहेर पसरू लागलेला कॅन्सर), ग्रेड २ निघाला. ईआर ९० टक्के, पीआर ४० टक्के, हर-टू २+, केआय-६७ २५ टक्के, आणि खाली ‘फिश करावी’ अशी सूचना. ऑपरेशन अजून झालेलं नाही. मामा म्हणतात, आधी गाठ काढून टाका, तपासण्या नंतर बघू. लॅबच्या माणसाने पाचशे जनुकांची तपासणी सुचवली आहे. शेजाऱ्यांनी रक्तातल्या ‘ट्यूमर मार्कर’चं पॅकेज करून घ्यायला सांगितलं आहे. आणि मुलीचा शेवटचा प्रश्न: यातून आई किती वर्षं जगेल हे कळतं का, आणि मी व ताईने काही तपासून घ्यायला हवं का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. बायोप्सीचे तुकडे आणि त्यांवरच्या या मार्कर तपासण्या हेच माझं रोजचं काम. आधी तातडीचं सांगते. फिश, म्हणजे हर-टूचं जनुक थेट मोजणारी तपासणी, करून घ्या, आणि आईंच्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारा की तिचा निकाल येईपर्यंत ऑपरेशन थांबवता येईल का. मला खात्री आहे, ते हो म्हणतील. आठ-दहा दिवसांनी या आजारात काही बिघडत नाही, पण निकालावरून उपचारांचा क्रमच बदलू शकतो. रक्ताचं पॅकेज करू नका. पाचशे जनुकांच्या तपासणीवर आत्ता पैसे घालू नका. आता कारणं.

मार्कर म्हणजे कॅन्सरच्या पेशीत किंवा तिच्यामुळे शरीरात सापडणारी, मोजता येणारी खूण. कधी ते एखादं प्रथिन असतं, कधी जनुकातला बदल, कधी गुणसूत्रांची मोडतोड, कधी रक्तात उतरलेला एखादा पदार्थ. प्रत्येक मार्कर एका ठरावीक प्रश्नासाठी असतो. आजार कोणता आहे? तो पुढे कसा वागेल? कुठल्या औषधाला दाद देईल? उपचारांनंतर किती शिल्लक आहे? एका प्रश्नासाठीचा मार्कर दुसऱ्या प्रश्नाला लावला की घोळ सुरू होतो. रिपोर्ट हातात धरून घाबरलेली जी माणसं माझ्यापर्यंत येतात, त्यांतल्या बहुतेकांची भीती इथूनच आलेली असते.

आईंच्या रिपोर्टकडे येऊ. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. त्या ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढून काचेवर घ्यायचे, त्यावर त्या-त्या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी सोडायची, आणि जिथे ती चिकटली तिथे तपकिरी रंग उमटवायचा. ही आयएचसी, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, इस्ट्रोजेन या हार्मोनचा संदेश घेणारं प्रथिन. तो पेशीच्या केंद्रकात असतो, म्हणून तपकिरी रंग केंद्रकात दिसतो. शंभरांतल्या एका पेशीत जरी दिसला तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह धरतात; १ ते १० टक्क्यांना ‘लो पॉझिटिव्ह’ म्हणून वेगळं नोंदवतात. आईंचा ९० टक्के आहे. याचा अर्थ टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारख्या, इस्ट्रोजेनला अडवणाऱ्या गोळ्या या आजारावर चालण्याची शक्यता चांगली आहे. कमी खर्चाच्या या गोळ्या अनेक वर्षं घ्यायच्या असतात आणि घरचे लोक त्यांना दुय्यम समजतात. केमो म्हणजे खरा उपचार आणि गोळ्या म्हणजे नंतरचं टॉनिक, असा समज मी फार पाहिला आहे. ईआर पॉझिटिव्ह आजारात आयुष्य वाचवण्यात या गोळ्यांचा वाटा फार मोठा आहे. दोन वर्षांनी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून त्या बंद करू देऊ नका.

ईआर निगेटिव्ह लिहिलेला रिपोर्ट कुणाच्या हाती आला तर एक गोष्ट जरूर बघावी. त्याच काचेवर गाठीशेजारी निरोगी दुग्धनलिका असतील तर त्यांनी रंग घेतला का? रिपोर्टमध्ये हे ‘इंटर्नल कंट्रोल’ म्हणून लिहिलेलं असतं. निरोगी नलिकांनीही रंग घेतलेला नसेल तर दोष तुकड्याच्या हाताळणीत असू शकतो, आणि त्या निगेटिव्हवर विसंबून एखाद्या बाईच्या पाच-दहा वर्षांच्या गोळ्या रद्द करणं फार मोठा अन्याय होईल. अशा वेळी दुसऱ्या ब्लॉकवर तपासणी पुन्हा करतात.

तुकड्याची हाताळणी हा विषय मला मुद्दाम लांबवायचा आहे, कारण आईंचं ऑपरेशन व्हायचं आहे आणि इथे घरचे लोकही मदत करू शकतात. गाठ शरीराबाहेर आली की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि प्रथिनं, जनुकं खराब व्हायला लागतात. म्हणून एका तासाच्या आत ती १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, जायला हवी. फॉर्मॅलिन गाठीच्या साधारण दहापट हवं. ते ऊतीत तासाला जेमतेम एक मिलिमीटर शिरतं, त्यामुळे अख्खा स्तन तसाच बरणीत कोंबला तर बाहेरचा भाग टिकतो आणि मधली गाठ, म्हणजे नेमकी जी तपासायची आहे ती, रात्रभरात कुजते. गाठीतून चीर देऊन ती उघडावी लागते. फॉर्मॅलिनमध्ये ती सहा तासांपेक्षा कमी आणि बहात्तर तासांपेक्षा जास्त राहू नये. शनिवारी दुपारी ऑपरेशन झालं, सोमवारी कुरिअरवाला आला, मंगळवारी बरणी लॅबला पोचली, असं तालुक्याच्या ठिकाणी सर्रास होतं. कधी बरणीत सलाइन असतं, कधी स्पिरिट. त्यानंतर कितीही महागडी तपासणी केली तरी तिच्या उत्तराला आधार राहत नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना नम्रपणे विचारा: नमुना कुठे जाणार, कधी जाणार, आणि बरणीवर गाठ काढल्याची व फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहाल का? चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

आता हर-टू. हे पेशीच्या कडेला, आवरणात असणारं प्रथिन आहे आणि त्याचं जनुक १७ नंबरच्या गुणसूत्रावर आहे. काही स्तनकॅन्सरमध्ये, साधारण १५ ते २० टक्क्यांत, या जनुकाच्या ढीगभर प्रती होतात आणि पेशीला ‘वाढ, वाढ’ असा संदेश सतत मिळत राहतो. आयएचसीत ३+ असेल तर प्रत्येक पेशीभोवती जाड तपकिरी कडा दिसते, सगळं मिळून मधमाश्यांच्या पोळ्यासारखं. तिथे शंकेला जागा नसते. ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह. २+ म्हणजे कडा आहे, पूर्ण आहे, पण फिकी किंवा मध्यम. जनुकाच्या प्रती वाढल्यामुळे ती आली की नाही, हे नुसत्या रंगावरून सांगता येत नाही. २+ हा अपुरा निकाल आहे, सौम्य पॉझिटिव्ह नव्हे. म्हणून फिश.

फिशमध्ये थेट जनुक मोजतात. त्याच ब्लॉकचा पापुद्रा घेऊन त्यावर ठरावीक जागी चिकटणारे दोन चमकणारे प्रोब सोडतात, बहुधा हर-टू जनुकासाठी लाल आणि १७ नंबरच्या गुणसूत्राच्या मध्यबिंदूसाठी हिरवा. मग अंधाऱ्या खोलीत फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली निळ्या केंद्रकांतले लाल आणि हिरवे ठिपके एकेका पेशीत मोजायचे. किमान वीस पेशी. निरोगी पेशीत दोन लाल, दोन हिरवे. जिथे जनुक वाढलेलं आहे तिथे दोन-तीन हिरव्या ठिपक्यांशेजारी लाल ठिपक्यांचे पुंजके दिसतात, कधीकधी इतके दाट की सुटे मोजता येत नाहीत. लाल भागिले हिरवे हे गुणोत्तर २ किंवा जास्त आणि पेशीमागे लाल ठिपके सरासरी ४ किंवा जास्त असतील, तर पॉझिटिव्ह. या दोहोंचं जमत नाही अशा काही अवघड जोड्या येतात. तेव्हा आयएचसीची काच शेजारी ठेवून दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्यावं लागतं. रिपोर्टमध्ये नुसतं ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ लिहिलेलं चालवून घेऊ नका. गुणोत्तर, सरासरी प्रती आणि किती पेशी मोजल्या, हे तिन्ही आकडे हवेत.

२+ वाल्यांपैकी बहुतेक जणींची फिश निगेटिव्ह येते, पण पॉझिटिव्ह येणाऱ्या थोड्या नसतात, आणि त्यांच्यासाठी सगळंच बदलतं. १९८७ साली डेनिस स्लामन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांच्यात हर-टू वाढलेलं असतं त्यांचा आजार लवकर उलटतो आणि त्या लवकर दगावतात. त्या काळी हर-टू पॉझिटिव्ह ही वाईट बातमी होती, आणि तिच्यावर करण्यासारखं काही नव्हतं. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रॅस्टुझुमॅब या औषधाला मंजुरी मिळाली. ते याच प्रथिनावर जाऊन बसतं. २००५ मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातल्या आजारावरचे मोठे अभ्यास आले आणि केमोबरोबर हे औषध दिल्यावर आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. २०१४ पासून भारतात बनलेलं त्याचं बायोसिमिलर, म्हणजे तसंच काम करणारं दुसऱ्या कंपनीचं औषध, मिळू लागलं, पुढे इतरही आले, आणि किंमत बरीच उतरली. तीच खूण, त्याच पेशी. पण औषध आल्यावर तिचा अर्थ पालटला. म्हणून इंटरनेटवर ‘हर-टू पॉझिटिव्ह म्हणजे आक्रमक’ असं वाचून रडत बसू नका. ते वाक्य अर्धवट आहे.

मामांच्या सूचनेमागचं प्रेम मला समजतं. गाठ अंगात आहे हीच गोष्ट सहन होत नाही. पण दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ हर-टू पॉझिटिव्ह निघाली तर आज बहुतेक ठिकाणी केमो आणि हर-टूवरची औषधं आधी देतात, ऑपरेशन नंतर. याचा फायदा दुहेरी असतो. गाठ लहान होऊन स्तन वाचवता येऊ शकतो. शिवाय ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागात जिवंत कॅन्सर उरला आहे का, हे मला मायक्रोस्कोपखाली दिसतं, आणि ते उत्तर फार मोलाचं असतं. काहीच उरलं नसेल तर पुढचा अंदाज पुष्कळ चांगला. उरलं असेल तर ट्रॅस्टुझुमॅबला केमोची जोड असलेलं टी-डीएम१ हे औषध देता येतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांमध्ये त्याने आजार उलटण्याचा धोका निम्मा केला. आधीच ऑपरेशन करून टाकलं तर ही संधी हातची जाते.

फिश निगेटिव्ह आली तर कुणीतरी तुम्हाला ‘हर-टू लो’ म्हणेल. २+ आणि फिश निगेटिव्ह, किंवा १+, यांना हे नाव आहे. शरीरात इतरत्र पसरलेल्या आजारात ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्स्टेकान नावाचं औषध अशा रुग्णांना उपयोगी पडतं हे २०२२ मध्ये सिद्ध झालं. आईंच्या आजच्या टप्प्यात त्यावरून काही ठरत नाही, तेवढं माहीत असू द्या.

केआय-६७ म्हणजे किती पेशी विभाजनाच्या चक्रात आहेत याचा आकडा. २५ टक्के हा मधलाच म्हणावा असा. या आकड्याने झोप उडवून घेऊ नका. पाच टक्क्यांच्या आत आणि तीस टक्क्यांच्या वर तो काहीतरी ठाम सांगतो. मधल्या पट्ट्यात एकच काच दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टनी वाचली तरी एक १८ म्हणतो आणि दुसरा २८.

समजा फिश निगेटिव्ह आली आणि ऑपरेशननंतर काखेतल्या गाठीही (लसीका ग्रंथी) स्वच्छ निघाल्या, तर केमो द्यायची का, हा खरा पेच असेल. अशा वेळेसाठी २१ जनुकांची एक तपासणी आहे, तिचा स्कोअर ० ते १०० असतो. २०१८ साली टेलर-एक्स या दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासाने दाखवलं की पन्नाशी ओलांडलेल्या, ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, काख स्वच्छ असलेल्या बाईंचा स्कोअर २५ पर्यंत असेल तर गोळ्यांच्या जोडीला केमो देऊन जास्तीचा फायदा होत नाही. म्हणजे ही तपासणी केमो वाचवू शकते. अडचण पैशांची. खर्च लाखांत जातो आणि नमुना परदेशी पाठवावा लागतो. बंगळुरूत विकसित झालेली, पाच प्रथिनांच्या आयएचसीवर आधारलेली एक तपासणीही मिळते, ती स्वस्त आहे, पण तिच्यामागे टेलर-एक्सएवढा मोठा अभ्यास नाही. मी कुटुंबांना एकच विचारते: स्कोअर कमी आला तर तुम्ही आणि तुमचे डॉक्टर केमो खरंच सोडणार आहात का, आणि जास्त आला तर आई ती घ्यायला तयार आहे का? दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तरच पैसे खर्च करा.

‘किती वर्षं?’ हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. मार्करवरून एका माणसाचं आयुष्य सांगता येत नाही. गाठीचा आकार, काखेतल्या किती गाठींत आजार पोचला, ग्रेड, आणि त्यांच्या जोडीला ईआर, हर-टू, हे सगळं मिळून आईंसारख्या शंभर जणींचं काय होतं, एवढं सांगता येतं. आई त्या शंभरांत कुठे बसतील ते नाही. वागण्याचा ढंग मात्र मार्करवरून कळतो. ईआर, पीआर आणि हर-टू तिन्ही निगेटिव्ह असलेला, म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह आजार उलटायचाच असेल तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो, आणि पाच वर्षं निघून गेली की धोका खूप उतरतो. ईआर पॉझिटिव्ह आजार शांत असतो पण विसराळू नसतो. दहा-बारा वर्षांनी हाडात परतलेला मी पाहिला आहे. म्हणून आईंच्या बाबतीत ‘पाच वर्षं झाली, सुटलो’ असं समजून तपासणीला जाणं सोडू नका.

आता ते पॅकेज. सीए १५-३, सीए-१२५, सीईए, सीए १९-९, एएफपी, सगळं एका सुईत, सणाच्या सवलतीत. निरोगी माणसात कॅन्सर शोधायला या तपासण्या बनलेल्याच नाहीत. आईंचा सीए १५-३ या टप्प्यावर नॉर्मल येण्याचीच शक्यता जास्त, आणि तो नॉर्मल आला म्हणून बायोप्सीत दिसलेला कॅन्सर नाहीसा होत नाही. सीईए विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत वाढतो. पीएसए प्रोस्टेटचा आहे, कॅन्सरचा नव्हे. वयानुसार वाढलेल्या प्रोस्टेटमध्ये आणि जंतुसंसर्गातही तो चढतो.

सीए-१२५ बद्दल मला विशेष कळकळीने सांगायचं आहे. तो पाळीच्या दिवसांत वाढतो, गरोदरपणात वाढतो, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढण्याच्या आजारात) वाढतो. आणि पोटाच्या टीबीत तर तो ३५ ची मर्यादा ओलांडून पाचशे-सातशेवर जाऊ शकतो. पंचविशीतली मुलगी, पोटात पाणी, वजन उतरलेलं, सोनोग्राफीत अंडाशयाजवळ काहीतरी, आणि सीए-१२५ सहाशे. घरात रडारड होते, ‘ओव्हरीचा कॅन्सर पसरला’ असं गृहीत धरलं जातं. बायोप्सीत टीबीच्या गाठी निघतात आणि औषधांनी मुलगी बरी होते. बायोप्सी न करता अंडाशय काढले गेले असते तर? आपल्याकडे टीबी इतका असताना एकट्या सीए-१२५ वरून कुणीही कॅन्सर म्हणू नये. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर सीए-१२५ आणि सोनोग्राफीने वर्षानुवर्षं तपासणी करून पाहिली. २०२१ मध्ये निकाल आला की त्यामुळे अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत.

याच रक्ततपासण्या योग्य जागी अमूल्य आहेत. तरुण मुलाच्या वृषणात गाठ असेल तर एएफपी आणि बीटा-एचसीजी ऑपरेशनआधी आणि नंतर न चुकता हवेत. आजाराचा टप्पा ठरवताना ते धरले जातात, आणि हा कॅन्सर पसरलेला असतानाही बरा होतो. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर सीईए दर काही महिन्यांनी बघतात. अंडाशयाच्या कॅन्सरचं निदान झाल्यावर केमो लागू पडते आहे का, हे सीए-१२५ च्या उतरणीवरून कळतं. आधी कॅन्सर सिद्ध, मग मार्करने पाठपुरावा, हा क्रम आहे.

पाचशे जनुकांच्या तपासणीला आईंच्या आजारात या टप्प्यावर जागा नाही, कारण तिच्या निकालावरून उपचारांतली एकही गोष्ट बदलणार नाही. उलट ‘अर्थ अनिश्चित’ अशा दहा-बारा बदलांची यादी हाती येईल आणि घर महिनाभर गुगल करत बसेल. पण हे वाचून कुणी जनुक तपासणीच टाळू नये म्हणून फुफ्फुसाच्या कॅन्सरबद्दल सांगते, कारण तिथे गणित नेमकं उलटं आहे.

फुफ्फुसाच्या अॅडिनोकार्सिनोमात, म्हणजे ग्रंथींसारख्या पेशींच्या कॅन्सरात, ईजीएफआर या जनुकात बदल असू शकतो. भारतात साधारण चारांतल्या एका रुग्णात तो सापडतो. पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त, पूर्व आशियापेक्षा कमी. २००९ साली पूर्व आशियातला आयपास हा अभ्यास प्रसिद्ध झाला. गेफिटिनिब ही गोळी विरुद्ध केमो. ज्यांच्यात बदल होता त्यांच्यापैकी ७१ टक्क्यांची गाठ गोळीने आकसली, केमोने ४७ टक्क्यांची. ज्यांच्यात बदल नव्हता त्यांच्यात गोळीने आकसली फक्त १ टक्क्याची, केमोने सुमारे २३ टक्क्यांची. हे सगळे रुग्ण दिसायला सारखेच होते: विडी-सिगारेट कधी न ओढलेले किंवा पूर्वी थोडीच ओढून सोडलेले, बायका जास्त, एकाच प्रकारचा कॅन्सर. तपासणी न करता अंदाजाने गोळी दिली असती तर एकाला चांगला उपयोग झाला असता आणि दुसऱ्याचे मोलाचे महिने वाया गेले असते. पुढे परळच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी ३५० रुग्णांवर अभ्यास करून २०२० मध्ये दाखवलं की ईजीएफआर बदल असलेल्यांना गेफिटिनिबबरोबर केमोही दिली तर आजार आटोक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर जातो. तेव्हा पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर, एएलके, आरओएस१ ही तीन जनुकं तरी तपासल्याशिवाय उपचार सुरू करायची घाई करू नये. तुकडा अपुरा असेल तर रक्तातल्या कॅन्सरच्या डीएनएवरही ईजीएफआर बघता येतं. रक्तात बदल सापडला तर त्यावर विश्वास ठेवा; सापडला नाही तर मात्र तेवढ्यावर थांबू नका, पुन्हा बायोप्सी करा. आणि नमुना हाडातून घेतला असेल तर तो मऊ करायला तीव्र आम्ल वापरू नका असं लॅबला आधीच सांगा, आम्लात डीएनए तुटतो.

निदान, औषध आणि पाठपुरावा हे तिन्ही एकाच खुणेवर उभे राहिल्याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे सीएमएल हा रक्ताचा कॅन्सर. ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होतं. तेच निदान, त्यावरच इमॅटिनिबची गोळी, आणि तेच पुढे पीसीआर या रक्ततपासणीने मोजायचं: तीन महिन्यांत १० टक्क्यांवर, वर्षभरात ०.१ टक्क्यावर यावं अशी अपेक्षा. ज्यांच्या घरी हा रुग्ण आहे त्यांनी ही पीसीआर दर वेळी एकाच लॅबमध्ये आणि आंतरराष्ट्रीय स्केलवर करावी, नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही.

आणि तंबाखू-गुटख्याने होणाऱ्या गालाच्या, हिरडीच्या कॅन्सरमध्ये, जो आपल्याकडे सर्वाधिक दिसणाऱ्या कॅन्सरांपैकी आहे, रोजच्या उपचारांची दिशा ठरवणारा असा एकही जनुकीय मार्कर आज नाही. घशाच्या मागच्या भागातल्या कॅन्सरमध्ये पी१६ या मार्करला फार महत्त्व आहे, म्हणून तो गालाच्या कॅन्सरवरही मागवला जातो; तिथे त्याने काही ठरत नाही. तिथे गाठ किती मिलिमीटर खोल गेली आणि मानेतल्या गाठींत पोचली का, हेच मोलाचं. ज्या घरात असा रुग्ण असेल त्यांनी मार्करवरचे पैसे चांगल्या ऑपरेशनसाठी आणि वेळेवर रेडिएशनसाठी राखून ठेवावेत.

तुम्हा दोघी बहिणींच्या तपासणीबद्दल. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारे बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या जनुकांतले बदल आईकडून किंवा वडिलांकडून येतात, आणि आले तर प्रत्येक मुलाला, मुलग्यालासुद्धा, ते मिळण्याची शक्यता निम्मी असते. तपासणी आधी आईंची करायची, कारण आजार त्यांना झाला आहे. त्यांच्यात बदल सापडला तर तोच एक बदल तुमच्यात आहे का हे थोड्या खर्चात बघता येतं. त्यांच्यात तो नसेल तर तुमच्या तपासणीतून फारसं हाती लागत नाही. करायची की नाही हे ठरवण्याआधी आजी, मावश्या, आत्या, दोन्हीकडचे काका-मामा यांची यादी काढा: कुणाला स्तनाचा, अंडाशयाचा, प्रोस्टेटचा किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर, आणि कितव्या वर्षी. आपल्याकडे ‘आजीला पोटाचा आजार होता’ एवढंच सांगतात; तो बरेचदा अंडाशयाचा असतो. ही यादी घेऊन जेनेटिक काउन्सेलरकडे जा. आईंची मनापासून संमती असल्याशिवाय नमुना देऊ नका.

या आठवड्यात करायचं ते असं. बायोप्सी झालेल्या लॅबकडून आईंचा ब्लॉक, एचई स्लाइड (नेहमीच्या रंगाची मूळ काच) आणि आयएचसीच्या स्लाइड मागून घ्या. लेखी अर्ज दिला की मिळतात. आधीच कापून ठेवलेल्या जुन्या काचांपेक्षा ब्लॉक पाठवणं चांगलं, कारण कापलेल्या पापुद्र्यातली प्रथिनं महिन्यागणिक क्षीण होतात. ब्लॉक प्लास्टिकच्या डबीत, सावलीत न्या. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला मेणाचा ब्लॉक मऊ पडून वाया जाऊ शकतो. फिश पॉझिटिव्ह आली तर ट्रॅस्टुझुमॅबआधी हृदयाची टू-डी इको करून घ्या आणि ती दर तीन महिन्यांनी होईल हे बघा, कारण हे औषध काहींच्या हृदयाचं पंपिंग कमी करतं. वेळेत लक्षात आलं तर ते बहुधा सावरतं. आणि केमो आधी द्यायची ठरली, तर पहिल्या डोसाआधी गाठीत बारीक धातूची क्लिप बसवली आहे का हे डॉक्टरांना आठवणीने विचारा. औषधाने गाठ पूर्ण विरघळली, तर ती नेमकी कुठे होती हे सर्जनला त्या क्लिपवरूनच कळतं, आणि मलाही.